कॅलेंडर सरळ, हात उलटा

पाण्यात ॲसिड घालायचं. ॲसिडमध्ये पाणी घालायचं नाही.

सायराच्या फोनवर क्रोशाचं पांढरं झाकण असतं. फोन वाजला की आधी झाकणाची घडी होते, मगच रिसीव्हर उचलला जातो. पलीकडचा माणूस तेवढा वेळ थांबतो.

करंजा बंदरचे सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, सईच्या हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात भिजत घातले की मजल्यावरच्या सगळ्या खिडक्या उघडतात. बाहेर बर्फ असला तरी. फक्त तुआन नावाचा व्हिएतनामी मुलगा वाटी घेऊन येतो आणि विचारतो, अजून आहेत का?

‘डिसेंबर’ हा शब्द उलटा लिहिला की पहिली वेलांटी दुसरीसारखी दिसते.

ठमाबाईला हातभराच्या पलीकडचं दिसत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन ती पुढच्या वर्षी करणार आहे. दरवर्षी ती तेच सांगते.

*

घर पनवेलचं. टपाल नाक्यापासून चालत जवळ, सोसायटीचा दुसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. अविनाश पाताळगंगेच्या एका केमिकल कंपनीत स्टोअरमध्ये होते. ॲसिडचं वाक्य त्यांचं. कुमुद घर बघायची. तिचं माहेर आपट्याचं, शेतीवालं. मोठी मुलगी सई, धाकटी कादंबरी. सायरा खालच्या मजल्यावर राहायची. तिचा नवरा वहाब मस्कतला होता, म्हणून तिच्याकडे फोन होता आणि म्हणून सईचे फोन तिच्याकडे यायचे.

सई मुंबईला चित्रकला शिकली आणि १९९० साली सरकारी शिष्यवृत्तीवर पोलंडला गेली. क्राकूफ नावाच्या शहरात. पहिलं वर्ष भाषेचं, दुसरं कामाचं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी जूनमध्ये भिंतीवर काम लावायचं. ते पसंत पडलं तर आणखी दोन वर्षं मिळायची, नाही पडलं तर परतीचं तिकीट.

जाताना कुमुदने एक अट घातली. “आम्हा घरच्यांची चित्रं काढशील ती आधी मला दाखवायची. मी हो म्हटलं तरच लोकांपुढे न्यायची.”

अटीला कारण होतं. मुंबईला असताना सईने अविनाशचं एक चित्र काढलं होतं, बनियनवर झोपलेले, तोंड उघडं. ते कॉलेजच्या वार्षिक अंकात छापून आलं आणि अंक कसा कोण जाणे कंपनीत पोचला. त्यानंतर बरेच दिवस अविनाश कंपनीच्या बसमध्ये चढले की मागच्या सीटवरून घोरण्याचा आवाज यायचा.

“शब्द दे,” कुमुद म्हणाली होती.

सईने दिला.

*

भाषेच्या वर्गातलं पहिलं वाक्य: ही माझी आई आहे. दुसरं: आई स्वयंपाकघरात आहे. नायजेरियाचा मुलगा, मंगोलियाची मुलगी, तुआन, सई, सगळे एका सुरात म्हणायचे, आई स्वयंपाकघरात आहे. तिसऱ्या वाक्यात वडील कारखान्यात होते. सईला हे पुस्तक आपल्यासाठीच लिहिल्यासारखं वाटलं.

बाकीचं पुस्तकात नव्हतं. ट्राममध्ये बोलायचं नाही. बोललं तर अख्खा डबा वळून बघतो. दुकानातल्या बाईला आधी नमस्कार करायचा, मग पाव मागायचा. नुसता पाव मागितला तर पाव मिळतो, पण दुसऱ्या दिवशी ती बाई ओळख देत नाही. कोणाच्या घरी गेलं की फुलं न्यायची, ती विषम संख्येत. सम संख्येतली मयताला. सईने पहिल्यांदा चार नेली होती. कोळशाच्या धुराने रुमाल काळा होतो, म्हणून नाक दोनदा शिंकरायचं आणि रुमाल स्वतःच धुवायचा, कारण सामायिक मशीनमध्ये टाकला तर हरवतो. कच्चा खारवलेला हेरिंग मासा कांद्याबरोबर खायचा. पहिल्या वेळी सईने तो तव्यावर भाजून घेतला, तेव्हा हॉस्टेलच्या व्यवस्थापक बाई वर धावत आल्या. सोड्यांच्या वेळी आल्या होत्या त्याच.

नोव्हेंबरपासून दुपारीच दिवे लागायचे. सई सकाळी वर्कशॉपमध्ये शिरायची तेव्हा अंधार, निघायची तेव्हा अंधार. मधला उजेड तिने पहिल्या हिवाळ्यात जवळजवळ पाहिलाच नाही. घरी फोनवर ती सांगायची, हवा छान आहे.

*

काम छापाचं होतं. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा, त्यावर सुईने चित्र काढायचं, पत्रा ॲसिडमध्ये ठेवायचा. जिथे सुईने मेण निघालं तिथे ॲसिड जस्त खातं आणि रेघ कोरली जाते. मग रेघांत शाई भरून, ओला कागद ठेवून, यंत्रातून दाबून काढायचं. कागदावर येतं ते पत्र्याच्या उलट. डावीकडचं उजवीकडे. हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

“ॲसिड कुठलं?” अविनाशने फोनवर विचारलं होतं.

“नायट्रिक.”

“हातमोजे?”

“आहेत, बाबा.”

“रबराचे की कापडी? पंखा आहे का वर? आणि पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडमध्ये—”

“माहितेय, बाबा.”

“आमच्याकडे सगळ्यांना माहीत होतं. तरी एकाचा चेहरा गेला.”

तिच्या शिक्षिका हालीना. उंच, सतत खोकणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी वर्षाचं काम दिलं: एकाच जागेची सहा चित्रं. जागा अशी, जी डोळे मिटल्यावर दिसते. सहा म्हणजे सहा. पाच लावणाऱ्याचं काम बघितलं जात नाही.

सईने पनवेलचं स्वयंपाकघर घेतलं.

डोळे मिटल्यावर सगळं दिसतं असं तिला वाटत होतं. पत्र्यावर सुई टेकवल्यावर कळलं की फळीवरचे डबे दिसतात, पण फळी भिंतीला कशी अडकवलीय ते दिसत नाही. आई दिसते, आईचे पाय दिसत नाहीत. खिडकीचे गज आडवे होते की उभे? तिने कादंबरीला पत्र टाकून विचारलं. कादंबरीचं उत्तर आलं, “उभे. तू अठरा वर्षं त्यांना धरून खाली बघत होतीस.”

चौथ्या चित्रात कुमुद वाकून अविनाशच्या ताटात आमटी वाढते. मागे भिंतीवर किराणा दुकानाचं कॅलेंडर, त्यावर ‘डिसेंबर’. अक्षरं छापात सरळ यावीत म्हणून सईने ती पत्र्यावर उलटी कोरली, आरशात बघून बघून. त्यात एक अख्खा दिवस गेला. वेलांटीने दमवलं. मार्चमध्ये सहाही चित्रांचे पहिले छाप निघाले. तिने ते पुठ्ठ्याच्या नळीत घालून अटीप्रमाणे पनवेलला पाठवले.

*

नळी आली त्या दिवशी कुमुद बाजारात गेली होती. अविनाशने कुणाला न विचारता चौथं चित्र फ्रेमवाल्याकडे नेलं. त्यात ते स्वतः होते, जागे, अंगात शर्ट. संध्याकाळी ते काच लावून पुढच्या खोलीत टांगलं गेलं.

पहिली आली सायरा. हात पुसत आली, चित्रासमोर उभी राहिली.

“माशाअल्ला! काय काढलंय पोरीने. हा कुकर बघा, शिट्टीसकट. भाभी, तुमचा आंबाडा तर अगदी—” ती थांबली. “भाभी, उलट्या हाताने वाढताय?”

सगळ्यांनी पाहिलं. पळी कुमुदच्या डाव्या हातात होती.

“छापताना उलटं होतं ते,” कादंबरी म्हणाली. ती बी.कॉम.ला होती, पण ताईची पत्रं तीच सगळ्यांना वाचून दाखवायची. “पत्र्यावर ताईने उजवाच काढला असणार.”

“मग ठीक आहे,” सायरा म्हणाली. “नाही, आमच्यातसुद्धा नाही चालत, म्हणून म्हटलं. पण बेटा, सगळं उलटं झालं, तर हे ‘डिसेंबर’ कसं सरळ?”

कादंबरीने काचेजवळ जाऊन अक्षरं पुन्हा वाचली.

कुमुद चित्रासमोर आली. मग म्हणाली, “काढा ते.”

“अगं, आत्ताच खिळा ठोकलाय,” अविनाश म्हणाले.

“काढा म्हणतेय ना.”

अविनाशने चित्र काढलं नाही. त्यांनी मोरीजवळचा दाढीचा आरसा आणला आणि समोरच्या भिंतीवर लावला. आरसा लहान, त्यामुळे एका ठरावीक जागी उभं राहिलं तरच त्यात चित्र दिसायचं. ती जागा त्यांनी खडूने फुली मारून ठेवली. पाहुणा आला की ते त्याला फुलीवर उभं करायचे, चित्राकडे पाठ करून. “आता आरशात बघा. उजवा हात आहे की नाही?”

“आहे,” पाहुणा म्हणायचा. “पण कॅलेंडर उलटं दिसतंय.”

“कॅलेंडर तिकडे वळून बघायचं,” अविनाश म्हणायचे.

कंपनीतले विश्वजीत म्हणून एक जण खास बघायला आले. फुलीवर उभे राहून म्हणाले, “अविनाशराव, आधीच्या चित्रात तुम्ही तरी सरळ होता.”

कुमुद त्या खोलीतून जाताना चित्राकडेही बघायची नाही आणि आरशाकडेही. केर काढताना ती फुली पुसून टाकायची. अविनाश पुन्हा मारायचे.

*

सायराने खालून हाक मारली. झाकणाची घडी झालेली होती.

“आई, मिळाली चित्रं?”

“मिळाली.”

“कशी आहेत?”

“पाच लाव. चौथं लावू नकोस.”

“का?”

“डाव्या हाताने वाढतेय मी त्यात.”

ऐकायला सायराने मान पुढे केली.

“आई, ते छापताना उलटं होतं गं. पत्र्यावर—”

“मग कॅलेंडर नाही झालं ते?”

“ते मी लक्षात ठेवून आधीच उलटं काढलं होतं. अक्षरं तेवढी लक्षात ठेवायची सवय असते.”

“कॅलेंडर लक्षात राहिलं,” कुमुद म्हणाली.

“इथे कोणाला कळणार आहे? इथे सगळे दोन्ही हातांनी जेवतात, आई. एका हातात काटा, एका हातात सुरी.”

“मला कळतंय ना.”

“पाच लावली तर बघतच नाहीत. सहा लागतात.”

“मग सहावं दुसरं काढ. शब्द दिलायस तू.”

सायराने रिसीव्हर घेतला. “सई बेटा, खाना ठीक से खाती है ना? हां, हां. अम्मीला मी समजावते. तू फिकर नको करू.” आणि ठेवून दिला. कुमुदला म्हणाली, “भाभी, पोरीचं वर्ष जाईल. एवढं काय आहे एका हाताचं?”

कुमुद म्हणाली, “तुमच्या पोरीने काढलं असतं तर कळलं असतं,” आणि जिना चढून वर गेली.

*

सईने चौथं चित्र पुन्हा करायला घेतलं. या वेळी मुद्दाम उलटं, म्हणजे छापात उजवा हात येईल असं. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात तुआनला खाली बसवलं, स्वतः पळी घेऊन वाकली, समोर आरसा. तुआनने विचारलं, “तुझे वडील असे गप्प बसतात?” ती म्हणाली, “जेवताना.”

पत्रा तयार झाला. ॲसिडमध्ये ठेवला आणि ती खुर्चीत बसली. आदल्या रात्री झोप झाली नव्हती. जागी झाली तेव्हा ॲसिडने मेणाखालीसुद्धा खायला सुरुवात केली होती. कुमुदचा हात, पळी, ताट, सगळ्याचं एकच खड्ड्याखड्ड्यांचं भगदाड. नवा पत्रा यायला महिना लागणार होता. जूनच्या परीक्षेला तीन आठवडे उरले होते.

हालीनांनी दोन्ही पत्रे पाहिले, खोकल्या, म्हणाल्या, “जुनं लाव. छापात सगळेच डावखुरे असतात.”

“आईला मी शब्द दिलाय.”

“आई येणारे बघायला?”

“नाही.”

“मग?”

सईने सांगितलं की पाच चित्रं लावीन आणि सहाव्याचा खिळा मोकळा ठेवीन.

“तर परत जाशील,” हालीना म्हणाल्या. धमकी नव्हती. ट्रामचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. “परीक्षेच्या आधी एकदा आईला परत विचार.”

*

मे महिन्यात कुमुदची मावशी ठमाबाई आपट्याहून आली, पिशवीत गोळा केलेली करवंदं आणि सुका जवळा घेऊन. डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारायचं होतं, ऑपरेशन पुढच्या वर्षी केलं तर चालेल का.

अविनाशने तिला दंडाला धरून फुलीवर उभं केलं. “मावशी, समोर आरशात बघा. सईने काढलंय. कुमुद ओळखू येते का?”

“मला आरसाच दिसत नाय, तर आरशातली कुमुद काय दिसनार?” ती वळली आणि चित्राजवळ गेली. काचेला नाक टेकेपर्यंत गेली. बोटाने कुकर चाचपला, मग माणसं.

“ही कुमुद व्हय. वाढतेय.” बोट पळीवर थांबलं. “सईनं कदी बघितली हिला अशी?”

“कशी?” कादंबरीने विचारलं.

“डाव्या हातानं वाढताना. सईचा जलम पन झाला नव्हता.”

“मावशी, पुरे,” स्वयंपाकघरातून कुमुदचा आवाज आला.

“काय पुरे? आमीच बांदायचो तुजा हात. आठवत नाय? जेवायला बसली की डाव्या हाताला फडका. शाळेत जाताना फडका. तुजी आई रडायची आनि गाठ मारायची. मी म्हनायची, सैल मार, पोरीचा हात काला पडतोय.”

अविनाश आरसा हातात घेऊन उभे होते. केव्हा काढला, त्यांना कळलं नाही. ते स्वयंपाकघराच्या दारात गेले.

“तू डावखुरी आहेस?”

कुमुद करवंदं धूत होती. “होते.”

“सव्वीस वर्षं झाली लग्नाला. मला कसं कळलं नाही?”

“तुम्हाला कळू नये म्हणूनच तर बांधला होता.”

“मला म्हणजे?”

“तुम्हाला म्हणजे, जो कोण मिळेल त्याला. डाव्या हाताने पाणी देणारी सून कोण करतं?” तिने करवंदं ताटलीत ओतली. “घ्या. चिकाची बघून खा, शर्टाला लागतील.”

पुढच्या खोलीत ठमाबाई अजून काचेला नाक लावून होती. कादंबरीला म्हणाली, “तुजा बाप बरा काढलाय. खाली बघून जेवतोय.”

*

रात्री जेवताना अविनाश ताटाऐवजी कुमुदच्या हाताकडे बघत होते.

“असं बघू नका. सांडेल.”

“डाव्याने वाढ ना,” ते म्हणाले. “घरचेच तर आहोत सगळे.”

“आता येत नाही.”

“कधी करून बघितलंस?”

कुमुदने पळी डाव्या हातात घेतली. कादंबरी आणि ठमाबाई जेवायच्या थांबल्या. पळी पातेल्यात बुडली, वर आली, ताटापर्यंत पोचली आणि मनगट वळायच्या जागी भलतीकडे वळलं. निम्मी आमटी अविनाशच्या गुडघ्यावर गेली.

“भाजलं?” कुमुदने विचारलं.

“नाही,” अविनाश म्हणाले. भाजलं होतं.

तिने पळी पुन्हा उजव्या हातात घेतली आणि बाकीच्यांना वाढलं. जेवणं झाल्यावर ताटं न उचलता पुढच्या खोलीत गेली, दिवा लावला आणि चित्राकडे बघत उभी राहिली. त्यातली पळी सरळ होती. त्यातलं मनगट व्यवस्थित वळलेलं होतं आणि आमटी ताटात पडत होती.

*

“चौथं पण लाव,” कुमुद फोनवर म्हणाली.

सायरा सोफ्याच्या कडेवर बसून ऐकत होती.

पलीकडून सई म्हणाली, “पण हात—”

“हात बरोबर आहे.”

“म्हणजे? मागच्या वेळी तूच म्हणालीस ना—”

“मागच्या वेळी म्हणाले. आता लाव म्हणतेय. सगळं काय सायराच्या हॉलमध्ये बसून सांगू? येशील तेव्हा सांगेन, नाहीतर ठमाबाई सांगेल. गावभर तेच करतेय.”

“आई, तू बरी आहेस ना?”

“बरी आहे. ऐक. कोणी हाताचं विचारलं, तर छापताना उलटं झालं असं सांगायचं नाही.”

“मग काय सांगू?”

कुमुदने सायराकडे पाहिलं. सायरा क्रोशाच्या झाकणाची आधीच झालेली घडी पुन्हा करायला लागली.

“डावखुरी आहे, असं सांग.”

*

जूनमध्ये सहा चित्रं भिंतीवर लागली. हालीनांबरोबर आणखी दोन प्राध्यापक होते. चौथ्यासमोर ते थोडे थांबले. एकाने विचारलं, हे लोक जमिनीवर बसून जेवतात का? सईने हो सांगितलं. दुसऱ्याने विचारलं, भिंतीवर काय लिहिलंय? सईने सांगितलं, डिसेंबर. हालीना खोकल्या आणि पुढच्या चित्राकडे गेल्या. सईला आणखी दोन वर्षं मिळाली.

हाताचं कोणीच विचारलं नाही. सई शेवटचा माणूस जाईपर्यंत चौथ्या चित्राशेजारी उभी होती.

पनवेलला अविनाशने आरसा मोरीजवळ परत लावला होता.

सातवीत कुमुद चित्रकलेत नापास झाली होती, उजव्या हाताने.